'डीएमए इफ अव्हेलेबल' : जुन्या पीसीतल्या दोन ओळींचा इतिहास

नेट-सेट झाली, पेट झाली, गाईड मिळाले, की लॅबमध्ये पहिल्याच आठवड्यात एक जुना पीसी तुमच्या वाट्याला येतो. शेजारी लाखोंचं उपकरण, त्याचं कार्ड या पीसीच्या पोटात, आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर विंडोज एक्सपीच्या पुढे कधी आलाच नाही. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला थांबवला, पण उपकरण चालू आहे म्हणून पीसीही चालू आहे. सीनियर एवढंच सांगतात, "स्लो आहे, पण चालतो. हात लावू नकोस."

हात लावू नका, पण बघायला हरकत नाही. डिव्हाइस मॅनेजर उघडा, आयडीई कंट्रोलरखाली 'प्रायमरी आयडीई चॅनल' घ्या, त्यात 'ॲडव्हान्स्ड सेटिंग्ज' हा टॅब. तिथे प्रत्येक डिस्कसाठी दोन ओळी दिसतात. वरची 'ट्रान्सफर मोड', जिच्यात बहुतेक वेळा 'डीएमए इफ अव्हेलेबल' निवडलेलं असतं. खालची 'करंट ट्रान्सफर मोड'. वरची ओळ म्हणजे आपली विनंती आणि खालची म्हणजे प्रत्यक्ष परिस्थिती. वर डीएमए आणि खाली 'पीआयओ' असं दिसलं, तर त्या पीसीच्या आयुष्यात काहीतरी घडून गेलंय. ते काय, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

पीआयओ म्हणजे डिस्कवरून आलेला प्रत्येक तुकडा प्रोसेसरने स्वतः उचलून मेमरीत ठेवायचा. लग्नाच्या पंगतीत आचाऱ्यानेच कढई सोडून पानापानावर वाढत फिरावं, तसं. एक सेक्टर ५१२ बाइटचा, एका वेळी उचलायचे २ बाइट, म्हणजे सेक्टरमागे २५६ खेपा. १० एमबीची फाइल वाचायची तर बावन्न लाखांच्या वर. डीएमएमध्ये वाढपी वेगळा असतो. प्रोसेसर फक्त सांगतो, इथून इतकं उचल आणि तिथे ठेव, झालं की कळव. मधल्या वेळात तो स्वतःचं काम करतो.

ही कल्पना पीसीपेक्षा बरीच जुनी आहे, आणि तिचा एक नमुना आपल्या मुंबईतच होता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हे तिथेच घडवलेलं संगणकयंत्र सुरू झालं. त्यानंतर १९६४ मध्ये तिथे अमेरिकेच्या कंट्रोल डेटा कंपनीचं सीडीसी ३६०० आलं. देशभरातल्या संशोधकांची गणितं त्यावर चालायची. या यंत्रात माहितीची ने-आण करायला वेगळ्या वाहिन्या होत्या, त्यामुळे टेप फिरत असताना मुख्य प्रोसेसर गणित करू शकत होता. कारण उघड आहे. त्या काळात प्रोसेसरचा वेळ सोन्याच्या भावाचा होता, त्याला हमालीला लावणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

मग वीस वर्षांनी आलेल्या पीसीत हमाली परत प्रोसेसरकडे कशी गेली? मला या सगळ्यातला हा भाग सर्वांत आवडतो, कारण इतिहास इथे सरळ रेषेत पुढे जात नाही. आयबीएमच्या पीसीत डीएमएची चिप होती. एक्सटीची हार्ड डिस्क ती वापरायचीही. १९८४ मध्ये एटी आला, त्याचा प्रोसेसर वेगवान झाला, पण डीएमएची चिप जुन्याच चालीने चालत राहिली. वाढप्यापेक्षा आचारीच चपळ ठरला! म्हणून एटीच्या हार्ड डिस्कसाठी पीआयओ निवडला गेला. त्या वेळी तो निर्णय बरोबरच होता. १९८६ च्या सुमारास वेस्टर्न डिजिटल, कॉम्पॅक आणि कंट्रोल डेटा या तिघांनी मिळून आयडीई डिस्क आणली, तिने एटीचीच रीत उचलली. हो, तीच कंट्रोल डेटा, जिचं यंत्र कुलाब्यात होतं. तिचा डिस्कचा धंदा पुढे १९८९ मध्ये सीगेटने घेतला.

१९९४ च्या पहिल्या एटीए प्रमाणात पीआयओ मोड शून्य ते दोन होते, वेग सेकंदाला ३.३ ते ८.३ एमबी. पुढे मोड चार १६.७ पर्यंत गेला. डीएमएचे मोडही कागदावर होते, पण लोक ते चालू करायला कचरत. भीतीला कारण होतं. १९९५ मध्ये सीएमडी ६४० आणि आरझेड १००० या दोन आयडीई कंट्रोलर चिपांमध्ये दोष सापडले. माहिती चुपचाप बिघडायची, कुठलाही इशारा न देता. चुका डीएमएच्याच होत्या असं नाही, पण एकदा डिस्कवरच्या माहितीवरचा विश्वास उडाला की माणूस वेग मागत नाही. विंडोज ९५-९८ मध्ये डीएमएसाठी वेगळी टिक होती, ती अनेक मशीनवर आपली आपण करावी लागे. लिनक्समध्येही बऱ्याच ठिकाणी डीएमए बंदच असायचा आणि लोक एचडीपार्म नावाच्या छोट्या प्रोग्रामने, जीव मुठीत धरून, तो चालू करायचे.

अल्ट्रा डीएमए आला आणि चित्र पालटलं. १९९८ च्या प्रमाणात सेकंदाला ३३ एमबीचा वेग होता, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट सीआरसी ही होती. केबलवरून गेलेल्या माहितीची बेरीजवजा खूण दोन्ही टोकांना काढायची आणि जुळवायची. जुळली नाही तर माहिती परत पाठवायची. पुढे ६६ चा वेग आला तेव्हा ४० तारांच्या चपट्या केबलमध्ये आणखी ४० तारा घातल्या. त्या माहिती नेत नाहीत, फक्त ग्राउंड असतात, शेजारच्या तारांची कुजबुज अडवायला. कनेक्टर मात्र ४० पिनांचाच राहिला. त्यामुळे जुनी केबल नव्या डिस्कला बिनदिक्कत बसते. लॅमिंग्टन रोडवर जोडून घेतलेल्या असेंबल्ड पीसीचा तो जमाना. केबल ४० तारांची असेल तर यंत्रणा ते ओळखते आणि मोड दोनच्या, म्हणजे ३३ च्या वर जात नाही.

आता एक्सपी. त्याचा ड्रायव्हर सीआरसीच्या चुका आणि टाइम-आउट मोजतो. एकूण सहा झाले की मोड एक पायरी खाली आणतो. चुका सलग असायची गरज नाही. त्या येतच राहिल्या तर शेवटी पीआयओ. स्टँडबायमधून उठताना डिस्कला फिरायला उशीर लागला, तरी टाइम-आउट धरला जाऊ शकतो. मायक्रोसॉफ्टने नंतर याबद्दल स्पष्टीकरण दिलं आणि यशस्वी वाचनानंतर मोजणी शून्य करायची सोयही केली. पण उतरलेला मोड पीसी बंद-चालू करून परत चढत नाही. पडद्यावर एक अक्षरही येत नाही. पीसी फक्त "स्लो" होतो.

आणि गंमत बघा. चुका दिसल्या म्हणून यंत्रणा सुरक्षित मानलेल्या मोडमध्ये उतरते, पण सीआरसी आहे फक्त अल्ट्रा डीएमएमध्ये. पीआयओमध्ये केबलवरची चूक पकडायची सोयच नाही! डिस्कच्या तबकडीवर दुरुस्तीचा कोड असतो, पण तो तबकडीपुरता. म्हणजे केबल खरंच खराब असेल, तर पीआयओमध्ये तक्रार थांबते, चूक थांबेलच असं नाही.

तुमच्या कामाशी याचा संबंध इथे येतो. समजा उपकरण सेकंदाला दहा लाख नोंदी करतं, प्रत्येक २ बाइटची. म्हणजे २ एमबी. पीआयओच्या अगदी खालच्या मोडलाही हे कागदावर झेपतं. पण फाइल लिहिताना प्रोसेसर वाढपात अडकलेला असतो, तेवढ्यात कार्डाचा छोटा बफर भरतो आणि काही नोंदी सांडतात. सॉफ्टवेअरने ते नोंदवलं नाही तर आलेखात ठरावीक अंतराने खळगे दिसतात. ठरावीक अंतराने आल्यामुळेच ते भौतिक परिणामासारखे वाटतात. त्यावर कुणी अख्खं प्रकरण लिहू शकतं.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी दोन्ही ओळींचा फोटो काढा, तारीख घाला. मग मोडचा अर्थ लावा. 'अल्ट्रा डीएमए मोड २' दिसला तर डिस्क जुनी असेल, केबल ४० तारांची असेल किंवा मोड खाली घसरला असेल. दिसणारी गोष्ट एक, कारणं तीन. केबलच्या तारा बघून एक कारण निकालात निघतं, डिस्कचा मॉडेल नंबर बघून दुसरं. त्यानंतर स्मार्टची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रामने १९९ क्रमांकाची नोंद वाचा. बऱ्याच डिस्कमध्ये ती सीआरसीच्या चुकांची आयुष्यभराची मोजणी असते आणि ती डिस्कमध्येच राहते, विंडोज बदललं तरी. हा आकडा मोठा असेल तर आधी केबल बदला. शून्य असेल तर टाइम-आउटकडे, स्टँडबायकडे बघा. लिनक्स असेल तर सुरुवातीच्या संदेशांत डिस्क कोणत्या यूडीएमएवर बसली ते लिहिलेलं असतं.

सगळ्यात शेवटी दुरुस्ती. डिव्हाइस मॅनेजरमधून तो चॅनल अनइन्स्टॉल करून पीसी पुन्हा सुरू केला की विंडोज मोड नव्याने ठरवतं. नेटवर लोक हेच पहिल्या पायरीला सांगतात, आणि बहुतेक वेळा वेग परत येतोही. पण त्यासोबत विंडोजने ठेवलेली घसरणीची नोंद पुसली जाते आणि पीसी नेमका कशामुळे मंदावला होता, हे शोधायला हाती फक्त तो १९९ चा आकडा आणि तुम्ही काढलेला फोटो उरतो. त्याआधीच्या कोणत्या फाइल पीआयओच्या काळातल्या, हे तर पीसी सांगतच नाही. ते लॅबच्या वहीतच शोधावं लागतं, ज्या दिवशी कुणीतरी पहिल्यांदा "आज पीसी फार स्लो" असं लिहिलं असेल तिथून.