गाडी ऑइल खाते, पण धूर दिसत नाही

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी ड्रायव्हरची ‘फर्स्ट परेड’ असायची. बॉनेट उघडायचं, डिपस्टिक काढून पुसायची, पुन्हा बुडवून ऑइलची पातळी बघायची. जबलपूरला बनलेला शक्तिमान ट्रक असो की जोंगा, यातून कोणाची सुटका नव्हती.

निवृत्तीनंतर नोएडात नवी टर्बो पेट्रोल गाडी घेतली आणि ही सवय मीच सोडली. सहा हजार किलोमीटर झाले होते. आग्र्याला निघायच्या सकाळी सहज डिपस्टिक काढली, तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली! गाडीखाली थेंब नाही, मागे धूर नाही, डॅशबोर्डवर दिवा नाही. मग ऑइल गेलं कुठे? आणि आपल्याला कळलं कसं नाही? यासाठी थोडा इतिहास बघावा लागेल.

कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी आणि उत्तरपाड्याची अॅम्बॅसेडर यांच्या काळात गाडी ऑइल खाणार हे गृहीतच होतं. रिंगा झिजल्या की मागून निळा धूर यायचा आणि शेजारीसुद्धा सांगायचा, “साहेब, इंजिनाचं काम निघालं.” मालकाचं लक्ष कायम बॉनेटखाली असे.

14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी हरपाल सिंग यांच्या हाती पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली. गाडी गुडगावच्या कारखान्यातली, इंजिन सुझुकीच्या घडणीचं, तीन सिलिंडरचं. किल्ली फिरवावी आणि निघावं! आपला गाडीवर विश्वास बसला आणि त्या विश्वासापाठोपाठ तपासणी सुटली.

पुढे एप्रिल 1995 पासून दिल्लीसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. हवेसाठी ते चांगलंच झालं. पण थोडं ऑइल जळत असेल, तर त्याची वाफ हा कन्व्हर्टर बरीचशी जाळून टाकतो. म्हणजे निळ्या धुराची साक्षही गेली.

मग प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. दिल्ली परिसरात एप्रिल 2010 पासून भारत स्टेज 4 आणि 1 एप्रिल 2020 पासून देशभर भारत स्टेज 6. धूर कमी आणि मायलेज जास्त हवं, तर इंजिनातलं घर्षण घटवावं लागतं. त्यासाठी अनेक इंजिनांत पिस्टन रिंगांचा ताण कमी केला गेला. पूर्वीच्या 20डब्ल्यू-50 च्या जागी 0डब्ल्यू-20 सारखं पातळ ऑइल आलं. ऑइल खरवडणाऱ्या रिंगेत कार्बन साचला, की हे पातळ ऑइल वर चढून जळतं. सर्व्हिस मात्र आता दहा हजार किलोमीटरांनी होते.

सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले, “सर, हे मर्यादेत आहे.” काही उत्पादक हजार किलोमीटरला अर्धा लिटरसुद्धा चालतं असं लिहितात. जरा हिशोब करा. लहान गाडीच्या इंजिनात ऑइल साधारण साडेतीन लिटर. या दराने दहा हजार किलोमीटरांत पाच लिटर जाईल. म्हणजे पुढच्या सर्व्हिसआधीच इंजिन कोरडं! आणि तो लाल दिवा बहुतेक गाड्यांत ऑइलचा दाब पडल्यावर लागतो; पातळी उतरली म्हणून नव्हे. तोपर्यंत बेअरिंगला इजा झालेली असू शकते.

मी वाद घातला नाही, मोजमाप मागितलं. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरलं, किलोमीटर लिहून घेतले, हजार किलोमीटर गाडी चालवली आणि त्यांच्यासमोर पुन्हा मोजलं. सहाशे मिलिलिटर गायब. त्यांच्याच मर्यादेपेक्षा जास्त. वॉरंटीत इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या. तोंडी तक्रारीवर हे झालं नसतं. कागदावरच्या आकड्यांनी झालं.

म्हणून मंडळी, गाडी नवी असो, महिन्यातून दोनदा सपाट जागेवर, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. तारीख, किलोमीटर आणि भरलेलं ऑइल वहीत लिहा. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, तेही इंजिनाला बाधतं.

नव्या गाड्या वाईट नाहीत. फक्त जुन्या गाड्या आजारपण बोलून दाखवायच्या, या मुकाट्याने सोसतात. विचारपूस आपणच करायची. जय हिंद.