प्रवासी ट्रेलर : हिवाळी उत्तरप्रवास

प्रवासी ट्रेलर म्हणजे स्वतःचे एंजिन नसलेले, पिकअप ट्रक किंवा तशाच दणकट मोटारीच्या मागे जोडून ओढत नेण्याचे चाकांवरचे लहानसे घर होय. निजण्याची जागा, स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, पाण्याच्या व सांडपाण्याच्या टाक्या, गीझर, प्रोपेन वायूवर चालणारा हीटर आणि बॅटरी हे सारे त्यात एका हलक्या सांगाड्यात बसविलेले असते. उत्तर अमेरिकेत असे बहुतेक ट्रेलर उन्हाळी सहलींचा विचार करून बांधले जातात, आणि हिवाळ्यात त्यांचा ओघ साहजिकच दक्षिणेकडे असतो. कॅनडातील अनेक निवृत्त जोडपी थंडी चुकविण्यासाठी ॲरिझोना किंवा फ्लॉरिडा गाठतात. उलट्या दिशेने, भर हिवाळ्यात ट्रेलर घेऊन उत्तरेकडे निघणारे थोडे असतात आणि ते सहसा हौसेखातर जात नाहीत. अलास्कातील लष्करी तळांवर बदली झालेली कुटुंबे, ब्रिटिश कोलंबियाच्या ईशान्येकडील तेल व वायुक्षेत्रांत कामाला जाणारे कामगार आणि बिऱ्हाड हलविणारी माणसे हेच यांतील नेहमीचे प्रवासी. त्यांचा ठरलेला मार्ग म्हणजे अलास्का महामार्ग, आणि प्रस्तुत नोंद मुख्यतः त्याच मार्गाला अनुसरून आहे.

हा महामार्ग ब्रिटिश कोलंबियातील डॉसन क्रीक येथे सुरू होतो आणि फोर्ट नेल्सन, वॉटसन लेक व युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स या गावांवरून अलास्कातील डेल्टा जंक्शनपर्यंत जातो. पर्ल हार्बरवरील हल्ल्यानंतर अलास्काशी खुष्कीचा दुवा असावा म्हणून अमेरिकी सैन्याने १९४२ च्या मार्च ते ऑक्टोबर या अवघ्या काही महिन्यांत तो काढला, आणि १९४८ मध्ये तो सर्वसामान्य वाहतुकीला खुला झाला. वेडीवाकडी वळणे काढून टाकल्याने मूळची सुमारे २,७०० किमी. लांबी आता सुमारे २,२३० किमी. वर आली आहे. समिट लेकजवळ रस्ता १,२९५ मी. उंचीवर पोहोचतो व तोच त्याचा सर्वोच्च बिंदू आहे. तथापि हिवाळ्यातील खरी अडचण उंचीची नसून थंडीची, अंधाराची आणि दोन वस्त्यांमधील अंतराची आहे. याच मार्गाच्या परिसरातील स्नॅग या ठिकाणी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी उणे ६३° से. इतके तापमान नोंदले गेले, आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात व्हाइटहॉर्सला सूर्य सहा तासही क्षितिजावर राहत नाही.

अशा प्रवासाच्या पूर्वतयारीत एक निर्णय बाकी सर्व निर्णयांच्या आधी घ्यावा लागतो, तो म्हणजे ट्रेलर वाटेत घर म्हणून वापरावयाचा की केवळ ओझे म्हणून ओढावयाचा. अनुभवी चालक दुसरा पर्याय पसंत करतात : ट्रेलर पूर्ण कोरडा करून न्यावयाचा आणि रात्र रस्त्याकाठच्या मोटेलात काढावयाची. काही निर्माते आपला ट्रेलर ‘चारही ऋतूंचा’ असल्याचे सांगतात, परंतु या विशेषणाचा अर्थ बहुतांशी निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून असतो. अशा ट्रेलरचा तळ झाकलेला असतो आणि हीटरची उष्ण हवा टाक्यांच्या भोवती खेळविलेली असते. ही सोय उणे दहा अंशांत उभ्या असलेल्या ट्रेलरला पुरते, मात्र उणे तीस अंशांत ताशी ८० किमी. वेगाने धावणाऱ्या ट्रेलरला ती पुरेल असे धरून चालणे धोक्याचे असते.

कोरडे करण्याचे कारण साधे आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बंदिस्त नळीत त्या फुगण्याला जागा नसल्याने नळी, जोड किंवा पंपाचे कवच तडकते. नुकसान मात्र तेव्हा दिसत नाही, ते वसंतात पहिल्यांदा पाणी सोडल्यावर भिंतीमागून झिरपू लागते. म्हणून निघण्यापूर्वी सर्व टाक्या रिकाम्या केल्या जातात, गीझरचे बूच काढून त्यातील पाणी सोडले जाते, नळ्यांतून बेताच्या दाबाने हवा फुंकली जाते आणि शेवटी प्रोपिलीन ग्लायकॉलपासून बनविलेला गुलाबी रंगाचा अँटिफ्रीझ द्रव पंपाने सर्व नळांपर्यंत खेळविला जातो. मोटारीच्या रेडिएटरमध्ये सामान्यतः वापरला जाणारा एथिलीन ग्लायकॉल विषारी असल्याने पिण्याच्या पाण्याच्या नळ्यांत तो कधीही घालत नाहीत. गीझर बाजूच्या झडपेने वगळला तर आठ-दहा लिटर द्रवात काम भागते. न वगळल्यास त्याच्या दुपटीहून अधिक द्रव एकटा गीझर गिळून टाकतो. मोऱ्यांखालच्या वाकड्या नळ्यांत साचणारे पाणी, शौचकूपाची झडप आणि बाहेरच्या बाजूला बसविलेला फवारा या तीन जागा घाईत हमखास विसरल्या जातात. डब्यावर छापलेला उणे पन्नास अंश फॅरेनहाइटचा, म्हणजे सुमारे उणे ४६° से. चा आकडा नळी फुटण्यापासून संरक्षणाचा असतो, द्रव पातळ राहण्याचा नव्हे. त्याच्या कितीतरी आधी तो बर्फाच्या लगद्यासारखा होतो, परंतु फुगून नळी फोडत नाही. पाण्याने पातळ झालेल्या द्रवाला हे संरक्षण लागू पडत नाही, आणि हवा फुंकण्याची पायरी वगळणारे लोक नेमके येथेच फसतात.

ट्रेलरमध्ये राहावयाचेच ठरविले तर उष्णतेचा हिशेब करावा लागतो. ताशी ३०,००० ब्रिटिश औष्णिक एकके देणारा हीटर अखंड चालला तर ९ किग्रॅ. प्रोपेनचे एक नळकांडे सुमारे चौदा तासांत संपते, आणि कडाक्याच्या थंडीत पातळ भिंतींमुळे हीटर जवळजवळ अखंडच चालतो. यापेक्षा मोठी अडचण भौतिकीची आहे : प्रोपेन उणे ४२° से. ला उकळतो, म्हणजेच त्या तापमानाखाली तो द्रवरूपच राहतो आणि हीटरकडे वायू जातच नाही. उणे तीस अंशांतही नळकांड्यातील दाब इतका उतरलेला असतो की, वायू वेगाने काढल्यास बाष्पीभवनाने द्रव आणखी थंड होऊन ज्योत मंदावते. दाबनियंत्रकात दमटपणा शिरला असेल तर तेथे बर्फ धरून वायू अडतो. हीटरच्या ज्वलनाचे धूर व वाफ बाहेर सोडले जातात, परंतु स्वयंपाकाच्या शेगडीचे तसे नसते; एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, ते खिडक्यांवर व गाद्यांखाली गोठते, आणि शेगडीवर खोली तापविण्याच्या मोहातून कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा होण्याचा धोका वेगळाच. इंधन भरताना ट्रेलरमधील वायूच्या सर्व ज्योती बंद असल्या पाहिजेत, हा नियम थंडीमुळे शिथिल होत नाही.

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण भारित असेल तर उणे पन्नास अंशांतही गोठत नाही, परंतु रिकामी झालेली बॅटरी शून्याखाली काही अंशांवरच गोठून फुटते. म्हणून ती भरलेली ठेवणे किंवा काढून ट्रकच्या उबदार भागात ठेवणे श्रेयस्कर. लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी गोठणबिंदूखाली वापरता येते, मात्र त्या तापमानात ती भारित केल्यास तिच्या आत धातुरूप लिथियमचा थर बसून ती कायमची बिघडते. टायरांतील हवेचा दाब तापमान उतरले की कमी होतो. २०° से. तापमानाच्या गॅरेजमध्ये ६५ पीएसआय भरलेला टायर उणे तीस अंशांत ५१ च्या आसपास उतरतो आणि दुरून तो ठीकच दिसतो.

कोरडेपणाचा एक परिणाम पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ट्रेलर स्थिर चालण्यासाठी त्याच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या दांडीवर, म्हणजे ट्रकला जोडणाऱ्या भागावर, पडावा लागतो, ३,००० किग्रॅ. ट्रेलरच्या बाबतीत हा भार ३०० ते ४५० किग्रॅ. होतो. धुरेवर वजन न राहता मागे कलणारी उलाळ बैलगाडी जशी बैलांना आवरत नाही, तसा मागे जड झालेला ट्रेलर वेग वाढताच डोलू लागतो. दीडशे लिटरची पाण्याची टाकी चाकांच्या पुढे असेल तर ती रिकामी केल्यावर दांडीवरचा भार घटतो, मागे असेल तर वाढतो. म्हणजे पाण्यासाठी केलेली तयारी समतोल बदलून टाकते, आणि त्यानंतर ट्रेलर पुन्हा काट्यावर तोलल्याशिवाय निघणे शहाणपणाचे नसते. अवजारे, साखळ्या व सुटे चाक मागच्या कप्प्यात कोंबण्याची सवयही याच कारणाने घातक ठरते.

ब्रेकचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. ट्रेलरच्या चाकांना विद्युत्-चुंबकीय ब्रेक असतात व त्यांची तीव्रता चालकासमोरील नियंत्रकावरून ठरविली जाते. कोरड्या रस्त्यासाठी जुळविलेली तीव्रता बर्फावर चाके जागच्या जागी अडकविते. अडकलेली चाके दिशा धरीत नाहीत, मागचा भाग बाजूला वाहतो आणि ट्रेलर ट्रकच्या अंगावर वळतो. म्हणून निसरड्या रस्त्यावर तीव्रता कमी केली जाते, परंतु ती शून्य करणे तितकेच वाईट, कारण मग उतारावर सगळे ओझे ट्रकला मागून ढकलते आणि तोच परिणाम होतो. घर्षणावर चालणारा डोलरोधक दांडा कोरड्या रस्त्यावर उपयोगी असला तरी निसरड्या पृष्ठभागावर तो सैल करण्याची सूचना असते, कारण वळणानंतर ट्रेलरला सरळ होण्यात तोच आडकाठी करतो. डीझेल ट्रकचा एक्झॉस्ट ब्रेकही फक्त चालक चाकांवर काम करीत असल्याने बर्फावर तो जपून वापरावा लागतो. ब्रिटिश कोलंबियाच्या या भागात १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल या काळात हिवाळी टायर सक्तीचे असून त्यांची खाच किमान ३.५ मिमी. खोल असावी लागते. ट्रेलरच्या ब्रेक असलेल्या एका आसाला पुरतील एवढ्या साखळ्या बरोबर घेण्याचे मात्र अनेक जण टाळतात, आणि घाटात मागचा भाग घसरू लागला की ती उणीव कळते.

रस्त्याच्या स्वभावाविषयी नवख्याची अपेक्षा बहुधा उलटी असते. उणे पंचवीस-तीस अंशांत दाबून बसलेले हिम टायरला बऱ्यापैकी पकड देते. शून्याच्या आसपास मात्र बर्फावर पाण्याचा पातळ थर येऊन तोच रस्ता अत्यंत निसरडा होतो. त्यामुळे यंत्राला सर्वांत वाईट दिवस आणि रस्त्याला सर्वांत वाईट दिवस हे एकच नसतात. डॉसन क्रीक व फोर्ट सेंट जॉनच्या परिसरात रॉकी पर्वतावरून उतरणारा चिनूक हा कोरडा उष्ण वारा काही तासांत तापमान शून्यावर आणू शकतो, आणि कडाक्याच्या थंडीपेक्षा त्याच वेळी थांबून राहणे बरे. पुढे क्लूएन सरोवराच्या दक्षिण टोकाला दरीतून येणारा जोराचा वारा ट्रेलरच्या उंच सपाट बाजूंवर आदळतो. त्यापलीकडे डिस्ट्रक्शन बे ते अलास्काच्या सरहद्दीपर्यंत बारमाही गोठलेली भूमी रस्त्याखाली फुगते व खचते, आणि तेथील उंचवट्यांवर वेग आवरला नाही तर ट्रेलरचे आस, जोडणी व आतली कपाटे सारेच हादरते.

लियार्ड नदीच्या परिसरात रानगव्यांचे कळप मोकळ्या केलेल्या रस्त्यावर उभे असतात व मंचो सरोवराजवळ स्टोन जातीच्या मेंढ्या रस्त्यावरचे क्षार चाटावयास येतात. अंधारात गव्याचे गडद शरीर दिव्यांच्या उजेडातही उशिरा दिसते, आणि ओझे ओढणाऱ्या वाहनाला थांबावयास लागणारे अंतर तेव्हा अपुरे पडते. ट्रेलरच्या मागे निर्माण होणारा हवेचा भोवरा हिमाचा भुगा ओढून घेतो व मागचे दिवे झाकून टाकतो. एलईडी दिवे पुरेसे तापत नसल्याने तो थर आपोआप वितळत नाही, म्हणून प्रत्येक थांब्यावर ते पुसावे लागतात.

हिवाळ्यात या मार्गावरील अनेक विश्रामगृहे, तंबूतळ व सांडपाणी सोडण्याच्या जागा बंद असतात, आणि ज्या उघड्या असतात तेथेही नळाला पाणी असेलच असे नाही. त्यामुळे ट्रकची टाकी निम्मी होताच ती भरून घेणे हा येथील सर्वमान्य रिवाज आहे. डीझेल थंडीने मेणासारखे गोठते, म्हणून उत्तरेतील पंपांवर मिळणारे हिवाळी डीझेल दक्षिणेत भरलेल्या इंधनात वेळीच मिसळले पाहिजे. रात्री ट्रक थांबविल्यावर एंजिन तापविणाऱ्या ब्लॉक हीटरला वीजजोड द्यावा लागतो. मोटेल निवडताना खाटेपेक्षा बाहेरच्या वीजजोडाची चौकशी आधी केली जाते. ओल्या रस्त्यावरून आल्यानंतर हातब्रेक लावून ठेवल्यास तो गोठून बसतो, म्हणून चाकांना ठोकळे लावले जातात. छतावर बर्फ असताना ट्रेलरचा बाहेर सरकणारा भाग उघडत नाहीत, कारण गोठलेली रबरी पट्टी फाटते आणि कडाक्याच्या थंडीत ठिसूळ झालेले प्लास्टिकही त्या धक्क्याने तडकते.

तेल व वायुक्षेत्रांतील कामगार ज्या ट्रेलरमध्ये संपूर्ण हिवाळा काढतात, त्यांच्याभोवती प्लायवूड किंवा फोमच्या फळ्यांची झालर उभारून तळाखालचा वारा अडविला जातो आणि मोठ्या क्षमतेची प्रोपेनची टाकी भाड्याने आणली जाते. ज्यांचा ट्रेलर केवळ ओझे म्हणून आलेला असतो, ते तो वसंतापर्यंत तसाच उभा ठेवतात आणि दहिवर संपल्यावर नळ्यांतील अँटिफ्रीझ धुऊन, पिण्याच्या पाण्याची टाकी क्लोरीनच्या सौम्य द्रावाने निर्जंतुक करून, गीझरची बाजूची झडप पूर्ववत फिरवितात. गीझरचा विद्युत् घटक मात्र टाकी पाण्याने भरून नळातून अखंड धार येऊ लागल्याशिवाय चालू करीत नाहीत, कारण कोरड्या टाकीत तो काही क्षणांतच जळून जातो.