फलकांवरील पाठभेद

जुन्या पोथ्या चाळणारांस पाठभेदाचें महत्त्व सांगावयास नको. नकलकाराच्या हातून एखादें अक्षर चुकलें कीं अर्थाचा अनर्थ होतो. हाच अनर्थ बुद्धिपुरस्सर, बहुधा रात्रीच्या वेळीं आणि शिडीवर चढून करण्याचा उद्योग ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं १९७९ सालीं सुरू झाला. त्याची हकीकत येथें सांगावयाची आहे.

त्या देशांत रेडिओ व टेलिव्हिजन यांवरील सिगारेटच्या उघड जाहिराती १९७६ पासून बंद झाल्या होत्या. तेव्हां धंदेवाल्यांनीं आपला सारा भर रस्त्यांवरील फलक, छापील कागद आणि खेळांचे सामने यांवर दिला. पॉल होगन हा लोकप्रिय विनोदी नट विनफील्ड सिगारेटची भलावण करी. त्याची मोहिनी लहान मुलांवर विशेष पडते, अशी तक्रार कांहीं नागरिकांनीं केली आणि १९८० सालीं ती मान्यही झाली. होगन जाहिरातींतून गेला, सिगारेट राहिली.

हा निकाल लागण्यापूर्वींच कांहीं मंडळींचा धीर सुटला होता. त्यांनीं आपल्या संघाच्या लांबलचक इंग्रजी नांवाच्या आद्याक्षरांतून ‘बगा अप’ हें नांव साधलें. तें भरभर उच्चारल्यास ग्राम्य इंग्रजींत ‘नासवून टाका’ असा अर्थ निघतो. त्यांचें साहित्य म्हणजे फवाऱ्याच्या रंगाचा एक डबा. ‘न्यू. माइल्ड. अँड मार्लबरो.’ म्हणजे नवी, सौम्य आणि मार्लबरो, असा एक फलक होता. त्यांतील थोडींच अक्षरें बदलून त्यांनीं ‘न्यू. व्हाइल. अँड अ बोअर.’ असा पाठ सिद्ध केला. नवी, ओंगळ आणि कंटाळवाणी! फलक कंपनीचा, जागेचें भाडें कंपनीचें, चित्रकाराचा मेहनतानाही कंपनीचा. पदरचा खर्च काय तो रंगाचा. फलकास सरसकट काळें फांसलें असतें तर तो कोणी दुसऱ्यांदा पाहिला नसता. येथें मूळ वाक्य अर्धेंमुर्धें दिसत राहतें, आणि वाचणारा दोन्ही पाठ एकदमच वाचतो. शब्द फोडून दुसरा अर्थ काढण्याच्या या युक्तीस आपले साहित्यशास्त्री सभंग श्लेष म्हणतात. मात्र त्यांना त्यासाठीं शिडी लागत नसे.

दुसरी गोष्ट अशी कीं, ही मंडळी खालीं आपल्या संघाचें नांव लिहीत. त्यांच्यांत डॉ. आर्थर चेस्टरफील्ड-इव्हान्स यांच्यासारखे शस्त्रवैद्यही होते. हे गृहस्थ पुढें १९९८ सालीं न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेचे सभासद झाले. पकडले गेल्यावर कोर्टांत त्यांचें म्हणणें असे कीं, मोठी हानि टाळण्यासाठीं लहान हानि करणें आम्हांस प्राप्तच होतें.

या बचावाचें काय करावें? आम्हीं सारा जन्म वर्गांत नियम पाळण्याचा उपदेश करण्यांत घालविला. परक्याच्या मालमत्तेवर रंग उडविणें आम्हांस सहजीं पटत नाहीं. आज सिगारेटचा फलक, उद्यां कोणाचा तरी प्रामाणिक मजकूर! सत्याग्रहाशीं तुलना करण्याचा मोह होतो, परंतु रात्रीचा आडोसा त्या तुलनेच्या आड येतो. तथापि एक प्रश्न आम्हांस सोडीत नाहीं. ज्याच्यापाशीं पैसा, त्यानें रस्त्यावर हवें तें बोलावें, आणि येणाऱ्याजाणाऱ्यानें तें निमूटपणें वाचावें, उत्तर मात्र देऊं नये, हा नियम केला कोणीं? वर्तमानपत्रांत निदान संपादकास पत्र तरी लिहितां येतें.

अशा खटाटोपास ‘कल्चर जॅमिंग’ हें नांव १९८४ सालीं निगेटिव्हलँड या अमेरिकन वादकमंडळीनें दिलें. जॅमिंग म्हणजे दुसऱ्याच्या रेडिओ-ध्वनींत व्यत्यय आणणें. पुढें या विद्येचाही बाजार झाला. व्हँकूव्हर येथें १९८९ सालीं निघालेल्या ‘अ‍ॅडबस्टर्स’ या जाहिरातविरोधी नियतकालिकानें कालांतरानें स्वतःचे बूटही विकावयास काढले. सिडनीकरांनीं असें कांहीं विकल्याचें आमच्या वाचनांत नाहीं.

रंगाच्या डब्यानें कायदा झाला असें आम्ही म्हणणार नाहीं. डॉक्टरांचीं संशोधनें व अर्ज-विनंत्या यांचाही त्यांत मोठा वाटा होता. पण ज्या फलकाला पाहून गांव हंसला, त्याची बाजू घेणें पुढाऱ्यांस अवघड झालें असावें. १९८७ सालीं व्हिक्टोरिया प्रांतानें तंबाखूचे रस्त्यावरील फलक बंद करणारा कायदा केला, आणि १९९२ सालीं सबंध देशासाठीं जाहिरातबंदीचा कायदा झाला. व्हिक्टोरियानें तंबाखूवरच पट्टी बसविली आणि त्या पैशांतून खेळांच्या संघांना सिगारेट कंपन्यांच्या आश्रयांतून सोडविलें. खेळाडूंच्या अंगावर ‘क्विट’, म्हणजे ‘सोडा’, हा शब्द दिसूं लागला.