आकडीतली कोयती आणि शिलेखान्यातली कट्यार

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या महामार्गावर, खेड मागे टाकल्यानंतर आणि परशुरामाचा घाट उतरून चिपळुणात शिरण्यापूर्वी, लोटे हे गाव लागते. आज ते रासायनिक कारखान्यांच्या वसाहतीमुळे सर्वांस परिचित असले, तरी त्या वसाहतीच्या नावात ज्या देवतेचे नाव जोडलेले आहे, ती देवता परशू या एकाच आयुधामुळे ओळखली जाते. ज्या मुलखाच्या उत्पत्तीची कथाच शस्त्रधारी पुरुषापासून सुरू होते, तेथे लोखंडी पात्याकडे माणसाने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा प्रश्न विचारणे अप्रस्तुत होणार नाही. मुठीत पक्की बसविलेली, न मिटणारी, लष्करी घाटाची सुरी विकत घेणारा आजचा शौकीन मनुष्य तिला कामास लावावे की संग्रही ठेवावे, या विवंचनेत पडतो. ही विवंचना मनुष्यस्वभावात मुळापासून नव्हती. ती इतिहासाने, आणि विशेषतः गेल्या दीडशे वर्षांच्या इतिहासाने, आपल्या पदरात टाकलेली आहे.

खेड-चिपळूणच्या कुळवाड्याला ही विवंचना कधी पडली नाही. त्याच्या कमरेला मागील बाजूस लाकडाची आकडी आणि आकडीत अडकविलेली कोयती, हा त्याच्या पेहरावाचाच भाग होता. भाजावळीसाठी ऐन-किंजळाच्या झाडावर चढून कवळ तोडावयाची, चिव्याचे बेट साफ करावयाचे, नारळ सोलावयाचा, फणस फोडावयाचा, वाटेत आडवी आलेली काटेरी फांदी छाटावयाची, ही सारी कामे त्या एकाच पात्याची. त्या आकडीच्या योजनेतही अनुभवाचे शहाणपण होते. कोकणच्या चार महिन्यांच्या संततधार पावसात कातडी म्यान ओल धरून ठेवते आणि आतल्या पोलादाला तांबेऱ्याने खाऊन टाकते. लाकडी आकडीत मात्र पाते उघडे राहते, वारा लागून सुकते. रोज हाताळलेल्या, दगडावर घासलेल्या आणि खोबरेलाचा हात फिरविलेल्या कोयतीला गंज चढावयास अवसरच मिळत नाही. वापर हेच तेथे जतन होते.

या पात्यामागे लोहार होता. गावगाड्यातील बलुतेदार या नात्याने सुगीनंतर त्याला भाताच्या रूपाने बलुते मिळे, आणि त्या मोबदल्यात वर्षभर गावाची हत्यारे घडविण्याची व दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्याच्यावर असे. भात्याच्या वाऱ्याने पेटलेल्या कोळशात लोखंड लाल करावे, ऐरणीवर घणाने ठोकून आकारास आणावे, पाण्यात बुडवून धारेला पाणी द्यावे, पात्याचे शेपूट मुठीत ठोकून वरून वळे चढवावे, आणि धार बोथटली की पुन्हा पाजवून द्यावे, असा हा क्रम. फार पूर्वी या व्यवसायाच्या मुळाशी सह्याद्रीच्या माथ्यावरील धावडांची भट्टी होती. महाबळेश्वराच्या परिसरातील जांभ्यातून आणि रानातील कोळशावर ते लोखंड गाळीत. एकोणिसाव्या शतकात जंगलाचे निर्बंध कडक झाले, विलायती लोखंड स्वस्तात बंदरांवर उतरू लागले, आणि त्या भट्ट्या विझल्या. पुढे लोहाराने मोटारीच्या कमानीचे जुने पाटे आपलेसे केले आणि त्याच पोलादातून कोयत्या घडविल्या. धातू बदलला, परंतु घडविणारा हात आणि वापरणारा हात यांमधील नाते अखंड राहिले.

युद्धाच्या शस्त्रांचीही पूर्वी हीच स्थिती होती. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत शिलेखाना, म्हणजे शस्त्रागार, हा एक कारखाना गणला जाई, आणि राजव्यवहारकोशात शस्त्रांच्या नावांना स्वतंत्र वर्ग आहे. परंतु शिलेखान्यातील कट्यार, बिचवा किंवा पट्टा प्रदर्शनासाठी नसून प्रसंग येताच हाती देण्यासाठी सज्ज ठेवलेला असे. आणि प्रसंग याच मुलखात येत. १७२७ साली जंजिऱ्याच्या सिद्दींचा सरदार सिद्दी सात याने परशुरामाचे देवस्थान लुटले, तेथे राहणाऱ्या ब्रह्मेंद्रस्वामींना निघून जावे लागले, आणि पुढे १७३६ साली चिमाजीअप्पांच्या फौजेशी झालेल्या लढाईत सिद्दी सात मारला गेला. त्या काळातील पाते हे जिवंत व्यवहाराचे साधन होते. ते निकामी झाले तर मोडून त्याचे दुसरे काही घडविण्यात कोणास संकोच वाटत नसे.

ही स्थिती पालटली ती इंग्रजी अंमलात. १८५७ च्या उठावानंतर निःशस्त्रीकरणाचे धोरण सुरू झाले आणि १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्यावाचून शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८० साली, लंडनच्या इंडिया म्युझियममधील हिंदी शस्त्रांची सचित्र सूची एगर्टनने प्रसिद्ध केली. एकीकडे शस्त्र हातातून गेले आणि दुसरीकडे ते काचेच्या कपाटात क्रमांकासह मांडले गेले. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून नजर झालेली तलवार आजही ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहे. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्याकडे आलेली वाघनखे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गेली आणि २०२४ च्या जुलैत ठरावीक मुदतीसाठी साताऱ्यास आली. वापर आणि संग्रह यांची फारकत अशी पराभवातून जन्मास आली.

तथापि संग्रह सर्वस्वी परक्याचाच, असे मानणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकरांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या, राजाच्या, स्मरणार्थ जो संग्रह उभारला आणि १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला, त्यात तलवारींच्या बरोबरीने अडकित्ते, दिवे आणि स्वयंपाकघरातील उपकरणी आहेत. घरोघरी झिजलेल्या, मोडीत जाऊ पाहणाऱ्या वस्तूंत त्यांनी एका समाजाचा इतिहास पाहिला, आणि ती दृष्टी नसती तर कित्येक कारागिरांची कुशलता निनावीच नव्हे, तर अदृश्यही झाली असती.

आधुनिक लष्करी सुरीनेही हाच प्रवास थोड्या काळात पुरा केला. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, शांघायच्या पोलिसांत नोकरी केलेल्या फेअरबर्न आणि साईक्स या दोघांनी कमांडोंसाठी जी दुधारी सुरी आखली, ती निमुळती आणि नाजूक टोकाची असल्यामुळे फांदी तोडावयास किंवा दोर कापावयास फारशी उपयोगी नव्हती. तिचे एकच भीषण काम संपल्यावर तिची आरंभीची नमुनेदार पाती संग्राहकांची ठेव बनली. आपल्याकडे १९४१ साली बेळगावात उभारलेल्या महार रेजिमेंटच्या चिन्हात पुढे खंजीर आला आणि तेथे तो शौर्याचे प्रतीक म्हणून स्थिरावला. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा हत्यारांचा कायदा झाला. त्याखालील १९६२ च्या नियमांनी नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांच्या हत्यारांचा एक वर्ग केला आणि घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामाची हत्यारे त्यातून वगळली. कोयतीला सवलत मिळाली ती ती कामाची वस्तू आहे म्हणूनच.

यावरून निर्णयाची कसोटी हाती येते. ज्या पात्याचा लोहार हयात आहे, ज्याचा घाट उद्या पुन्हा घडविता येईल, ते पाते निःशंकपणे वापरावे, झिजवावे, पाजवून घ्यावे. कारण त्या झिजेमुळेच भट्टीतला विस्तव धगधगत राहतो, आणि पेटीत ठेवलेल्या शंभर सुऱ्या एका लोहाराचे घर चालवू शकत नाहीत. उलट, ज्याची भट्टी विझली, ज्याचे पाणी देण्याचे ज्ञान लोपले, ते पाते जपावे. त्याला सहाणेवर चढवून नवी धार देणे किंवा घासून चकचकीत करणे म्हणजे एखाद्या जुन्या दस्तऐवजातील अक्षरे पुसून टाकणे होय. आणि जपावे तेही त्याचा गाव, त्याचा कारागीर, त्याचे काम यांची नोंद करून, कारण नोंदीवाचून संग्रह ही केवळ साठवण ठरते.

आपल्या पूर्वजांनी या दोन कर्तव्यांचा मेळ खंडेनवमीच्या आचारात घातला होता. त्या दिवशी शस्त्रे व अवजारे धुऊन पुसून मांडावीत, गंधफूल वाहावे, आणि पूजा आटोपल्यावर ती पुन्हा कामाला न्यावीत, असा तो संकेत. लोट्याच्या पंचक्रोशीत ज्यांना आज नव्या सुरीचा मोह पडतो, त्यांनी आधी जवळच्या लोहाराकडून एक कोयती घडवून घ्यावी आणि तिच्यावर आपल्या श्रमाची खूण उमटू द्यावी. संग्रह करावयाचा असेल तर तो तिच्यानंतर करावा. कारण ज्याने पाते वापरले आहे, त्यालाच जुन्या पात्यावरील झिजेचा अर्थ लागतो.