करंजाचं तेल आणि गावाचं इंजिन

इंधनाचा इतिहास म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे तेलविहिरी, आखाती देश आणि पेट्रोलचे भाव येतात. आज आपण त्याच इतिहासाची जरा बाजूला पडलेली एक वाट बघणार आहोत. झाडाच्या बियांचं तेल गावातच काढायचं, गावातच त्याचं इंधन करायचं आणि ते गावातल्याच पंपात जाळायचं, ही कल्पना आली कुठून? ती आपल्याकडे कुठे चालली? आणि सरकारने ती मोठी करायला घेतल्यावर तिचं काय झालं? एवढाच आजचा विषय आहे.

सुरुवात करंजापासून करू. कोकणात खाडीकाठी, देशावर ओढ्याकाठी हे झाड आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. बियांचं तेल कडू, खायला निरुपयोगी. पण ते दिव्यात जाळत, खरजेवर लावत, आणि पेंड शेताला खत म्हणून जाई. पुढे रॉकेल आलं आणि करंजाचा दिवा विझला. झाड राहिलं, बी पडत राहिलं, पण बी गोळा करण्याचं एक मोठं कारण गेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता पॅरिसला जाऊ, कारण डिझेल इंजिन आणि वनस्पती तेल यांची पहिली गाजलेली भेट तिथे झाली. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीत ऑग्सबर्गला नीट चालू झालं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवून दाखवलं गेलं. डिझेलने आपलं इंजिन मुळात शेंगदाणा तेलासाठीच बनवलं, असं आपण बऱ्याच ठिकाणी वाचतो. ते बरोबर नाही. इंजिन खनिज तेलासाठीच होतं, आणि तो प्रयोग ऑट्टो कंपनीने फ्रेंच सरकारच्या इच्छेवरून केला. इंजिन काहीही बदल न करता इतकं सुरळीत चाललं की फार थोड्या लोकांच्या ते ध्यानात आलं. हे सगळं डिझेलनेच 1912 मध्ये सांगितलेलं आहे. वनस्पती तेलाचं महत्त्व आज नगण्य वाटलं तरी पुढे ते खनिज तेलाइतकं वाढू शकेल, असंही तो तेव्हा म्हणाला. पुढच्याच वर्षी, 1913 मध्ये, इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला.

पण फ्रेंच सरकारला शेंगदाण्याची एवढी आस्था का? कारण आफ्रिकेतल्या वसाहतींत शेंगदाणा भरपूर पिकत होता. वसाहतीतली इंजिनं वसाहतीतल्याच तेलावर चालली तर बाहेरून इंधन न्यायला नको. पुढचा टप्पाही तसाच. 1937 मध्ये ब्रुसेल्स विद्यापीठाच्या जी. शाव्हान यांनी वनस्पती तेलाचं रूपांतर करून त्याचं इंधन करण्याचं पेटंट घेतलं. 1938 मध्ये ब्रुसेल्स ते लूव्हेन या मार्गावर एक बस अशा इंधनावर धावली. तेल पामचं होतं, आणि बेल्जियमच्या ताब्यात काँगो होता. म्हणजे जन्मापासूनच या इंधनाला एक प्रश्न चिकटलेला आहे: बी कोण पिकवणार, तेल कोण जाळणार, आणि ठरवणार कोण?

आता थोडं तंत्र, कारण त्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. वनस्पती तेल डिझेलपेक्षा साधारण दहापट दाट असतं. ते इंजिनात बारीक तुषारांसारखं उडत नाही, अर्धवट जळतं, नोझलवर काजळी धरते. संथ फिरणारी जुनी इंजिनं ते काही काळ सहन करतात, पण कायमचं नाही. शाव्हान यांनी याच्यावर जो उपाय पेटंटात मांडला, तोच आज बायोडिझेल नावाने ओळखला जातो.

कृती आश्चर्य वाटावी इतकी सोपी आहे. शंभर लिटर तेलाला साधारण वीस लिटर मिथेनॉल घ्यायचं. त्यात थोडा कॉस्टिक सोडा विरघळवायचा, लिटरभर तेलामागे साडेतीन ग्रॅमच्या आसपास. तेल पंचावन्न-साठ अंशांपर्यंत तापवून त्यात हे मिश्रण घालायचं, ढवळायचं आणि सोडून द्यायचं. काही तासांनी खाली गडद ग्लिसरीन बसतं आणि वर पातळ बायोडिझेल तरंगतं. ते वेगळं काढायचं, पाण्याने धुवायचं, वाळवायचं. झालं.

खाचखळगे मात्र आहेत. बी जुनं असेल, ओलं असेल, तर तेलातलं आम्ल वाढतं. मग कॉस्टिक सोडा त्या आम्लाशी जुळतो आणि इंधनाऐवजी साबण होतो. म्हणून प्रत्येक घाणीच्या आधी टायट्रेशन करून आम्ल मोजावं लागतं. अकरावीच्या प्रयोगशाळेत आपण जे ब्युरेट हातात धरतो, तेच. शिवाय मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. म्हणजे या इंधनात यंत्रापेक्षा शिक्षण महाग आहे. भांडं कुणीही करून देईल. मोजणारा, सांभाळणारा माणूस गावात तयार करावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेल स्वस्त झालं आणि हे सगळं मागे पडलं. 1973 च्या तेलसंकटाने जग पुन्हा जागं झालं. आपल्याकडे 1974 मध्ये बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अमूल्य रेड्डी यांनी 'अस्त्र' हा गट सुरू केला. विज्ञान खेड्याच्या कामी आणायचं, हा त्याचा हेतू. त्याच संस्थेतले उडुपी श्रीनिवास यांनी पुढे करंजाकडे, कन्नडमधल्या 'होंगे'कडे, लक्ष वळवलं. कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळीत त्यांनी होंगेच्या तेलावर जनरेटर चालवले आणि त्यावर पाण्याचे पंप. रॉकेलने विझवलेला दिवा इंजिनाच्या रूपाने परत आला, असं म्हणायला हरकत नाही.

आता आपण 2003 या वर्षावर थांबू. या एका वर्षात तीन गोष्टी घडल्या, आणि त्या शेजारी शेजारी ठेवल्या की आजचा विषय उलगडतो.

पहिली गोष्ट आदिलाबादची. आपल्या यवतमाळ-चंद्रपूरला लागून असलेला, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातला हा जिल्हा. तिथल्या पॉवरगुडा या आदिवासी वाडीतल्या बायकांच्या बचत गटांनी करंजाची लागवड केली होती, आणि तेल काढायचं यंत्रही त्यांच्याकडे होतं. दहा वर्षांत त्या करंजतेलामुळे जेवढं डिझेल वाचेल, त्यातून 147 टन कार्बन डायऑक्साइड टळेल असा हिशेब मांडला गेला, आणि जागतिक बँकेने त्याबद्दल 645 डॉलर दिले. तेव्हाचे साधारण तीस हजार रुपये. बायकांनी ते रोपवाटिकेत घातले. पण हे पैसे कशासाठी होते? वॉशिंग्टनला एक आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. तिला आलेल्या पाहुण्यांच्या विमानप्रवासाने जो धूर झाला, त्याची ही भरपाई. बायकांना पैसा मिळाला, त्यांचं कौतुक झालं, ते योग्यच. तरी आपण एवढं विचारलं पाहिजे की विमानात बसणाऱ्यांचा धूर आणि डोंगरातल्या बाईची दहा वर्षांची मेहनत यांचा भाव ठरवला कुणी.

दुसरी गोष्ट ओडिशाची. ग्राम विकास ही संस्था 1979 पासून तिथे काम करते. तिचा एक नियम प्रसिद्ध आहे: गावातलं प्रत्येक घर सामील झालं तरच पाणीयोजना. एकही घर बाहेर राहिलं तर काम सुरू होत नाही. पण टाकीत पाणी चढवायला पंप लागतो, आणि गजपती जिल्ह्यातल्या किंचलिंगीसारख्या लहान गावात वीज नव्हती. सीटीएक्सग्रीन या कॅनडातल्या छोट्या गटाने ग्राम विकासबरोबर तिथे बायोडिझेलचा प्रयोग मांडला, आणि 2003 मध्ये त्याला जागतिक बँकेच्या एका स्पर्धेत निधी मिळाला. त्यांचं ढवळयंत्र पायडलवर चालायचं, सायकलसारखं. तेल करंज, मोह, कारळं यांचं, म्हणजे आसपास मिळणारं. आणि चालवायला गावातलीच माणसं शिकवून तयार केलेली.

इथे आपण आपलाच एक ढोबळ हिशेब करून बघू. लहान पंप रोज तासभर चालवायला लिटरभर इंधन धरा. वर्षाला 365 लिटर. लहान घाण्यात चार किलो करंजबियांचं साधारण लिटरभर तेल निघतं. म्हणजे वर्षाला दीड टन बी. एका जाणत्या झाडाचं बारा किलो बी धरलं, तर सव्वाशेच्या आत-बाहेर झाडं लागतील. सव्वाशे झाडं बांधावर, ओढ्याकाठी, रस्त्याकडेला बसतात. त्यासाठी कुणाची जमीन घ्यावी लागत नाही.

तिसरी गोष्ट दिल्लीची. एप्रिल 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनावर अहवाल दिला. 2011-12 पर्यंत डिझेलमध्ये 20 टक्के बायोडिझेल मिसळायचं. त्यासाठी झाड निवडलं जट्रोफा, आपला मोगली एरंड. क्षेत्र लागणार होतं सुमारे 1 कोटी 12 लाख हेक्टर. हा आकडा डोळ्यांपुढे आणायचा तर, महाराष्ट्राच्या एकूण क्षेत्रफळाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त! सुरुवात 4 लाख हेक्टरांच्या प्रात्यक्षिकांनी करायची असं ठरलं. छत्तीसगडात तर आखातातलं तेल सोडा, परसातलं डिझेल घ्या, अशा अर्थाची घोषणाच गाजली.

या हिशेबात दर हेक्टरी सव्वा टनाच्या आसपास तेल गृहीत होतं. कोरडवाहू, मुरमाड जमिनीवर त्याच्या जवळपासही उत्पादन आलं नाही. झाड जगलं, पण बी धरेना. मोगली एरंड दुष्काळात तग धरतो हे खरं आहे. पण तग धरणं वेगळं आणि पीक देणं वेगळं, हे आपल्या कुठल्याही शेतकऱ्याने सांगितलं असतं. 2005 मध्ये सरकारने लिटरमागे 25 रुपये खरेदीभाव जाहीर केला, पण तेवढ्यात बायोडिझेल परवडत नव्हतं. पुढे 2009 च्या धोरणात तेच 20 टक्के 2017 पर्यंत ढकलले गेले, आणि 2018 च्या धोरणात ते 5 टक्के झाले, मुदत 2030.

उत्पादनापेक्षाही मोठी चूक 'पडीक' या शब्दात होती असं आम्हाला वाटतं. कागदावर पडीक असलेली जमीन गावात क्वचितच रिकामी असते. ती गायरान असते, तिथे शेळ्या चरतात, सरपण मिळतं, पावसाळ्यात रानभाजी मिळते. मोगली एरंडाला शेळी तोंड लावत नाही, हा त्याचा गुण म्हणून सांगितला गेला. लागवड करणाऱ्या खात्यासाठी तो गुण होता. ज्या भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या त्या गायरानावर चरायच्या, तिच्यासाठी मात्र तेवढा चारा कमी झाला होता.

मग गावातले छोटे प्रयोग यशस्वी आणि सरकारी मोहीम फसलेली, असा सोपा निष्कर्ष काढायचा का? नाही. छोट्या प्रयोगांच्याही मर्यादा होत्याच. मिथेनॉल बाहेरून आणावं लागतं. बी वर्षातून एकदाच मिळतं. शिकवलेला तरुण कामासाठी शहरात गेला की यंत्र बंद. आणि गावात विजेची तार आली की पायडल कोण मारणार? ते चुकीचंही नाही. नळाला पाणी येणं हा उद्देश होता, बायोडिझेल हे साधन होतं.

फरक आहे तो हिशेबाच्या दिशेचा. किंचलिंगीत आधी गरज ठरली, मग इंधन, मग बी, मग झाडं. दिल्लीत आधी टक्के ठरले, मग हेक्टर, मग झाड, आणि गाव सगळ्यात शेवटी. फ्रान्स आणि बेल्जियमने वसाहतींच्या बाबतीत जी दिशा धरली होती, तीच स्वतंत्र देशाच्या नकाशावर नकळत उमटली.

आज हा विषय शहरातही आलेला आहे. 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने वापरलेलं खाद्यतेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करण्याची मोहीम सुरू केली. वडे तळून काळं झालेलं तेल पुन्हा कढईत जाण्यापेक्षा इंजिनात गेलेलं केव्हाही बरं. इथे जमीन लागत नाही, झाड लागत नाही. एखाद्या कॉलेजने आपल्या कॅन्टीनचं तेल घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखाली, लिटरभर बायोडिझेल करून पाहिलं, तर विद्यार्थ्यांना टायट्रेशन कळेल, आणि एका लिटर इंधनामागे किती काम असतं तेही कळेल. मग कुणी लाखो हेक्टरांचा आकडा सांगितला, की ती मुलं विचारतील: बी किती, पाणी कुठलं, आणि त्या जमिनीवर आज कोण चरतंय?

हे विचारणारी माणसं 2003 मध्ये पुरेशी असती, तर बऱ्याच गायरानांवर आज मोगली एरंडाचे खुंट दिसले नसते. आपण इथे थांबू. आता तुमचे प्रश्न घेऊ.