लखोट्यांतील वारसा

धर्मकार्यासाठीं स्थापिलेल्या संस्थेचा प्रमुख हा तिचा सेवक, कीं स्वामी? हा प्रश्न आमच्याकडील मठांच्या गाद्यांइतकाच जुना आहे. इंग्लंडांत मुक्तिफौजेच्या इतिहासांत त्याचा जो निकाल लागला, तो एका कर्तबगार पुरुषास फार महाग पडला. त्याच्या चरित्राकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों.

विल्यम बूथ या धर्मोपदेशकांनीं १८६५ सालीं लंडनच्या पूर्वभागांतील दरिद्री वस्तींत कार्य आरंभिलें. १८७८ सालीं त्यास मुक्तिफौज हें नांव मिळालें. त्याच वर्षींच्या दस्तऐवजानें संस्थेची मालमत्ता व सत्ता जनरलच्या हातीं आली. आपला वारस कोण, हें मोहोरबंद लखोट्यांत लिहून ठेवण्याचा अधिकारही त्याचाच.

बूथ यांचे ज्येष्ठ पुत्र ब्रॅमवेल यांचा जन्म १८५६ चा. पंचविशीच्या सुमारास ते फौजेचे मुख्य कारभारी झाले. पित्यानें सभा गाजवाव्या आणि पुत्रानें नेमणुका, पत्रव्यवहार, पैसा सांभाळावा, असा हा क्रम तीस वर्षें चालला. याच काळांत, १८८२ सालीं, सनदी नोकरी सोडलेले फ्रेडरिक टकर मुंबईस उतरले व भगवीं वस्त्रें धारण करून येथें फौजेचें काम करूं लागले. ब्रॅमवेल केवळ कागदांत रमणारे होते असें मात्र नाहीं. बालिकांचा व्यापार उघडकीस आणण्यासाठीं १८८५ सालीं ते पत्रकार स्टेड यांच्याबरोबर आरोपीच्या पिंजऱ्यांत उभे राहिले. स्टेड यांस तीन महिन्यांची कैद झाली, ब्रॅमवेल सुटले. आणि त्याच वर्षीं इंग्लंडांतील संमतिवय १३ वरून १६ झालें. आमच्याकडे त्या विषयाचा कायदा झाला तो १८९१ सालीं.

१९१२ च्या ऑगस्टांत पिता निवर्तले. लखोट्यांत ब्रॅमवेल यांचेंच नांव निघालें. परंतु १९०४ सालीं, ते स्वतः मुख्य कारभारी असतांनाच, अपात्र जनरलास दूर करूं शकणाऱ्या उच्च मंडळाची तरतूद झालेली होती. १९२८ सालीं ते आजारी पडले. सहकारी लखोट्याची पद्धति बदला म्हणूं लागले, आणि जनरल तर ती पित्याची ठेव समजत. अखेर १९२९ च्या जानेवारींत मंडळ भरलें व ५५ विरुद्ध ८ मतांनीं त्यांस अपात्र ठरविलें. त्यांनीं न्यायालयाकडे धांव घेतली. म्हणून १३ फेब्रुवारीस त्यांच्या वकिलाचें म्हणणें ऐकून मंडळानें पुनः मत घेतलें. तें ५२ विरुद्ध ५ असें पडलें. एडवर्ड हिगिन्स जनरल निवडले गेले, आणि १६ जून रोजीं ब्रॅमवेल यांचें देहावसान झालें.

मत देणारे कृतघ्न होते काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्यांतील बहुतेकांनीं आयुष्यभर ब्रॅमवेल यांच्याच हाताखालीं काम केलें होतें. संस्था व्यक्तीहून मोठी, हें त्यांच्याच घराण्यानें त्यांस शिकविलें होतें. ब्रॅमवेल यांची निष्ठा खरी होती. पण पित्याच्या इच्छेशीं इमान राखणें आणि कार्याशीं इमान राखणें हीं एकच, असें ते अखेरपर्यंत धरून बसले. १९३१ च्या कायद्यानें वारस नेमण्याचा जनरलचा अधिकार संपला. तेव्हांपासून जनरल निवडून येतो. वडिलांची गादी चालविणारा पुत्र आम्हांस नेहमींच भूषणावह वाटतो. परंतु जी मिळकत अनाथांच्या व दीनांच्या नांवें गोळा झाली, तिचा वारस लखोट्यांतून निघूं नये, हेंच न्याय्य होय.