देवासचा नवा राजवाडा आणि बागलीचा पाया

स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक स्वरूपाचे लिहून द्यावे, असे देवस्थान समितीच्या चिटणीसांनी मला सुचविले, त्याच सभेत अग्रशाळेच्या दुरुस्तीसाठी आलेल्या तीन निविदा वाचून दाखविण्यात आल्या. सर्वांत कमी आकडा उच्चारला गेला तेव्हा बहुतेक महाजनांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मी मात्र अस्वस्थ झालो. नुकताच माळव्यातून परतलो होतो, आणि तेथे जे पाहिले, वाचले व स्वतःच्या चुकीने भोगले, ते त्या आकड्याबरोबर डोळ्यांपुढे आले. चिटणीसांना बहुधा देवळाच्या स्थलांतराचा इतिहास हवा असावा. तो यापूर्वी अधिकारी लेखकांनी लिहिलेला आहे. मी बांधणारा निवडण्याचा इतिहास लिहितो.

माळवा आपणां गोमंतकीयांस परका नाही. १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशास दिला, तो ज्यांच्या शब्दाने, ते रामचंद्र मल्हार सुखठणकर राणोजी शिंद्यांचे दिवाण. शिंदेशाहीतील नामांकित सेनानी जिवबादादा बक्षी मूळचे पेडण्याकडील केरीचे. दिवाण, फडणीस, कारकून अशा नात्यांनी अनेक मराठी घराणी माळव्यात गेली व तेथलीच झाली. माझी एक भाची अशाच एका मराठी कुटुंबात, देवास जिल्ह्यातील बागली या तालुक्याच्या गावी दिलेली आहे. काळी सिंध नदीचा उगम या बागलीच्या परिसरात होतो. दक्षिणेकडे विंध्याची कड उतरली की नर्मदेचे खोरे लागते. भाचीच्या सासरच्या जुन्या घरामागे दोन खोल्या वाढवावयाच्या होत्या. मामांचे आयुष्य कचेरीत गेले आहे, कागद तेच नीट करतील, अशा विश्वासाने मला बोलावणे आले. तेथे काय झाले ते पुढे सांगतो. त्याआधी वाटेवरच्या देवासविषयी सांगितले पाहिजे.

देवासला पवारांच्या दोन पात्या होत्या, थोरली आणि धाकटी. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार, दोन खजिने. थोरल्या पातीचे तिसरे तुकोजीराव महाराज हे छत्रपती शाहू महाराजांचे जावई. त्यांच्याकडे इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९१२ च्या नाताळात प्रथम आले आणि १९२१ साली खासगी चिटणीस म्हणून काही महिने राहिले. बागा, मोटारी, अतिथिगृह, विजेचे घर अशी खाती त्यांच्याकडे होती. त्या काळात त्यांनी घरी लिहिलेली पत्रे १९५३ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या नावातील देवी म्हणजे देवासच्या टेकडीवरील चामुंडा.

या पत्रांत नव्या राजवाड्याचे जे वर्णन आहे, ते वाचून प्रथम हसू येते व मागाहून मन विषण्ण होते. बांधकाम चालूच होते, आणि दहा वर्षांपूर्वी बांधलेला भाग एकीकडे ढासळू लागला होता. चोहीकडे चुना, दगड व खड्डे. खोदलेली माती वाहून नेण्यास माणसे पुष्कळ, टोपली मात्र एवढीशी, आणि तीही सावकाश हलणारी. आत नव्या पियानोंच्या चौकटी कोरड्या हवेने तडकलेल्या, खुर्च्यांची गादी फाटून आतला ऐवज बाहेर आलेला. त्याच वर्षी श्रीकृष्णजन्माचा उत्सव झाला, तो जुन्या राजवाड्यात. फॉर्स्टर त्यात सामील झाले होते आणि त्याचे त्यांनी सविस्तर वर्णन केले आहे.

तुकोजीराव उधळे वा दुष्ट होते, असे समजू नये. फॉर्स्टरांनी त्यांच्यावर मनापासून प्रेम केले व ते लपविले नाही. महाराज भाविक, विनोदी, दिलदार होते. पण काम कोणी तपासावे, कोणी थांबवावे, याची व्यवस्थाच दिसत नाही. जो तो महाराजांचा माणूस. मग कच्च्या भिंतीस कच्ची म्हणावयाचे कोणी? विश्वासू माणसे भोवती असणे आणि विश्वासाने काम होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपल्या मंडळींस मी वेगळे काय सांगावे! पुढे संस्थान कर्जात बुडाले, युवराजांशी कलह झाला, आणि १९३३ च्या अखेरीस महाराज फ्रेंचांच्या पाँडिचेरीत निघून गेले. १९३७ साली ते तेथेच वारले. युवराज विक्रमसिंह १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी छत्रपती म्हणून बसले. केवळ बांधकामापायी राज्य गेले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या हाताने भिंतीचा हिशेब पाहिला जात नव्हता, त्याच हाताने खजिन्याचाही पाहिला जात नव्हता.

याच्या उलट दोन मराठी संस्थानांच्या कथा आहेत. ग्वाल्हेरचा जयविलास राजवाडा जयाजीराव शिंद्यांनी १८७४ साली पुरा करविला. बांधणारे मायकेल फिलोज शिंद्यांच्याच पदरचे. दरबार दिवाणखान्यात प्रत्येकी साडेतीन टन वजनाची दोन झुंबरे टांगावयाची होती. तेव्हा छत तो भार सोसेल की नाही हे पाहण्यासाठी वर हत्ती चढविले, असे ग्वाल्हेरात आजही सांगतात. कथेत थोडी भर पडली असेल. पण लोकांनी जपून ठेवली ती परीक्षेची कथा, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. दुसरी कथा मेजर मँट यांची. कोल्हापूरचा नवा राजवाडा, जो १८८४ मध्ये पुरा झाला, तो त्यांच्या आराखड्याचा. बडोद्याच्या लक्ष्मीविलासाचा आराखडाही त्यांचाच. आपले गणित चुकले, इमारत कोसळणार, या धास्तीने त्यांचे चित्त भ्रमले, असे म्हणतात. १८८१ साली ते गेले; चिझम यांनी काम हाती घेतले व १८९० मध्ये पुरे केले. दोन्ही वाडे आजही उभे आहेत. इतकी काळजी कोणी वाहू नये हे खरे. तरी देवासच्या कामावर मँटसारखा एक जरी भित्रा मनुष्य असता, तर फॉर्स्टरांना ती पत्रे लिहावी लागली नसती, असे मला वाटते.

आता बागली. तिथली जमीन काळी. पावसात ही माती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. तिच्यावर टेकलेला पाया तिच्याबरोबर वरखाली होतो. म्हणून काळा थर ओलांडून मुरूम लागेपर्यंत खणावे लागते. हे तेथल्या शेतकऱ्यासही ठाऊक असते. मला ठाऊक नव्हते. आम्ही चिऱ्याच्या मुलखातील माणसे. कुदळ मारली की थोड्याच खोलीवर जांभा लागतो. मी तीन ठेकेदारांचे दर मागविले, कोष्टक केले, बेरजा दोनदा तपासल्या आणि सर्वांत स्वस्त ठेकेदाराशी करारनामा केला. त्यात सिमेंटची जात लिहिली, फरशीचा रंग लिहिला, दारांची मापे लिहिली. पाया किती खोल, आणि तो बुजविण्यापूर्वी कोणी पाहावा, एवढेच लिहिले नाही. रकमेचा मोठा भागही आगाऊ दिला.

पहिला पावसाळा सरला, उन्हाळा आला, आणि नव्या भिंतीवर खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी भेग निघाली. वैशाखात तिच्यात रुपयाचे नाणे उभे राहू लागले. ठेकेदार प्रथम म्हणाला, गिलावा वाळतो आहे. मग म्हणाला, करारात पाहा. करार माझ्याच हातचा! भाचीने मला एका शब्दाने दुखविले नाही, आणि तेच अधिक लागले. तिच्या सासऱ्यांच्या निवृत्तीच्या रकमेतून ते पैसे आले होते. जुने घर मात्र शेजारी जसेच्या तसे उभे होते. त्याच्या पायाशी खणून पाहिले तेव्हा तो मुरमावर बसलेला निघाला.

लोक विचारतात, कायदा काय करतो? २०१६ चा स्थावर संपदा कायदा मुख्यतः सदनिका बांधून विकणाऱ्यांसाठी आहे. त्यात बांधणीतील दोषाची जबाबदारी पाच वर्षे विकसकावर असते. आपल्या जागेत आपण ठेकेदार लावला तर तो कायदा सहसा उपयोगी पडत नाही. घरबांधणी ही ग्राहक कायद्याने सेवा मानली आहे, म्हणून ग्राहक आयोगाकडे जाता येते. पण तेथेही करार आणि पावत्या पुढे ठेवाव्या लागतात. आमच्याकडे पावत्या होत्या, करार लंगडा होता. आम्ही गेलो नाही.

आपल्या देवस्थानांना १९३३ च्या नियमावलीने हिशेब, अंदाजपत्रक व सभावृत्तांत यांची शिस्त लावली, ती मोलाची आहे. मात्र तिच्याबरोबर एक सवयही लागली. जत्रेतील दुकानांच्या जागांची आपण पावणी करतो. मोठा आकडा बोलणाऱ्यास जागा दिली की व्यवहार संपला. बांधकाम ही उलटी पावणी नव्हे. तेथे आकडा ठरल्यावर व्यवहार सुरू होतो. म्हणून अग्रशाळेच्या तिन्ही निविदाकारांनी पाच पावसाळे पाहिलेले आपले एकेक काम दाखवावे, आणि महाजनांपैकी दोघांनी ते भर पावसात जाऊन, यजमानास एकट्यास गाठून पाहावे, अशी सूचना मी सभेत मांडली आहे. पैसे टप्प्याटप्प्याने, टप्पा पाहिल्यानंतर. आणि शेवटची काही रक्कम एक पावसाळा उलटेपर्यंत राखून. जो या अटीवर रागावेल त्याचा दर कितीही कमी असो, त्यास नमस्कार करावा. अध्यक्षांनी सूचना पुढील सभेसाठी ठेवली आहे.

बागलीच्या त्या दोन खोल्या उतरवाव्या लागल्या. दुसरे मिस्त्री वयस्कर. दर अधिक, बोलणे थोडके. खड्डा पुरा झाल्यावर त्यांनी निरोप पाठविला की, बाईंनी स्वतः येऊन पाहिल्याशिवाय दगड पडणार नाही. भाची पदर खोचून शिडीने खाली उतरली, तळचा पिवळट मुरूम पहारीने ठोकून पाहिला, आणि वर येऊन त्यांना चहा सांगितला. दुपारी पायाभरणी सुरू झाली.